बुधवारची बारी

सांगली,
शनिवार

प्रिय मंगल,

वहिनी म्हटलेलं तुला कधी आवडलं नाही. माझ्या चुलतभावाशी, लालादादाशी तुझं लग्न ठरलं तेव्हा तू मला दम भरला होतास, की तू मला वयनी म्हणलीस तर मी तुला वन्सं म्हणीन आणि मग दोघींचंही हसं होईल. म्हणून आजही नुसतं मंगल. म्हसवडच्या शाळेत एका बाकावर बसताना म्हणायचे तसंच.

तू माझा नंबर तुझ्या फोनवर बंद करून ठेवला आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे कितीतरी वर्षांनी कागदावर लिहायला बसले आणि अक्षर बघून माझी मलाच लाज वाटली. हे पत्र लालादादाजवळ देते आहे. काल कुपवाडला त्याच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन भेटले. वॉचमनच्या कपड्यातही तो अजून फौजेतच उभा असल्यासारखा दिसतो. उद्या सुट्टीला गावी निघालाय. पत्रात काय असणार ते सांगू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आपण डाकिया. डाकिया पाकीट फोडत न्हाई." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पर लवकर लिव. मशीन बेस्तरवारी येतंय."

तेव्हा मशीनचं तुमच्या घरी कळलेलं आहे. माझ्या भावानं, बाळासोनं पाणाड्या आणला, त्यानं तळहातावर नारळ धरून बांधावरून फेऱ्या मारल्या आणि विहिरीच्या पूर्वेला फक्कीचा गोल काढला. तुझ्या रोपवाटिकेतून तो पांढरा गोल रोज दिसत असणार. गुरुवारी तिथं बोअर पडणार. आमचं घर विहिरीतला वाटा सोडणार आणि आपलं पाणी आपण घेणार. बोअरला पाणी लागलं तर उन्हाळ्यात विहिरीचा झरा ओढला जाईल, हे तुलाही ठाऊक आहे आणि बाळासोलाही. नाही लागलं तर आमची डाळिंबं जातील. दोन्हीकडून आजोबांनी खणलेली विहीर संपतेच. तरीही तो ऐकत नाही. चौदा महिने त्या विहिरीवर पाऊल ठेवायला त्याला जड जातंय, एवढंच म्हणतो.

मला मात्र त्या विहिरीचं वेगळंच आठवत राहतं. बुधवारी सकाळी, बाजाराला निघण्याआधी, माझे आप्पा लष्करातली जुनी खाकी टोपी घालून बांधावर उभे राहायचे आणि तुमच्या शिवाराकडे तोंड करून हाळी द्यायचे, "बारी सुटलीऽऽ!" मग तिकडून तुझे सासरे, नानासोकाका, हाळी द्यायचे, "धरलीऽऽ!" तेवढं झालं की आठवडाभराचं पाणी आमच्याकडून तुमच्याकडे गेलं. बाजार ते बाजार. पुढच्या बुधवारी उलट. नुसतं सुटली म्हणून चालायचं नाही, समोरून धरली ऐकू आलं पाहिजे. एकदा नानासोकाका तापानं पडले होते, तर आप्पा दोन तास उभे राहिले. माझी म्हसवडची एसटी गेली, शाळा बुडली, मी रडले. आप्पा म्हणाले, समोरच्यानं धरल्याबिगर सोडलं तर त्याला देणं म्हणत न्हाईत, टाकणं म्हणत्यात.

आणि तुझी ती पहिली हाळी. लग्नाला महिना झाला नव्हता. काका साताऱ्याला गेलेले, दादा सीमेवर, घरात पुरुष कोणी नाही. आप्पांनी तीनदा हाळी दिली. मग तू डोक्यावरचा पदर घट्ट धरून गोठ्यामागून पुढं आलीस आणि अशी काही "धरलीऽऽ" ओरडलीस, की झाडावरचे बगळे उठले. दोन्ही शिवारांतली माणसं हसायला लागली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी टाचा जुळवून तुला सलाम ठोकला. मी सुट्टीला आले होते, शेजारीच उभी होते. त्या दिवसापासून आप्पांसाठी त्या घरची कर्ती तूच होतीस.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगते. कंटाळू नकोस. तू नेहमी विचारायचीस, की दिवसभर खुर्चीवर बसून तू नेमकं काय पिकवतेस. आज नीट सांगायचंय.

आप्पांचे गुडघे गेले आणि बांधावर जाणं थांबलं, त्या दिवाळीत मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकच वस्तू अनेकांनी पाळीपाळीनं वापरायची असेल, तर आज कोणाची बारी ते सांगणारा. त्याचं नावही बारीच ठेवलं. कुपवाडचे बशीरभाई मोटारींचे स्टार्टर बनवतात. त्यांची मुलगी नौशीन माझ्या ओळखीची. तिनं तो आपल्या पेटीत घातला. मोबाईलवरून पेटीला फोन लावायचा, ज्याची बारी त्याचंच ती ऐकणार, दुसऱ्याला नाही म्हणणार. पहिली पेटी आपल्या विहिरीवर बसली. 'नाही' सांगायला बाईचा आवाज हवा होता, तर नौशीननं माझाच घेतला. "नमस्कार. आज तुमची बारी नाही." पहिल्यांदा ऐकून तू मला फोन केलास आणि म्हणालीस, "रेश्मे, तुझ्या तोंडनं न्हाई ऐकाय लय गोड वाटतंय."

तो प्रोग्रॅम मी कुलपात ठेवला नाही. इंटरनेटवर उघडा ठेवला, कोणीही फुकट घ्यावा, बदलावा, वापरावा. अशा उघड्या कामांवरच आता निम्मं जग चालतं. एकानं लिहिलेलं दुसरा आपल्या कामात घालतो, त्याचं तिसरा घेतो, आणि खाली कोण आहे याचा वरच्याला पत्ताही नसतो. माझ्या बारीवरही हळूहळू लोक आले. पोर्तुगालातल्या एका खेड्यात सामाईक भट्टी आहे, तिथल्या बायका पाव भाजायची पाळी त्यावर लावतात. कुठल्याशा वसतिगृहातली मुलं कपडे धुवायच्या यंत्राची. मला किती अभिमान वाटला असेल ते तुला सांगायला नको. आप्पांच्या बांधावरची गोष्ट कुठे जाऊन पोचली.

फक्त त्या लोकांना एक कोडं पडायचं. या प्रोग्रॅमचा आठवडा बुधवारी का सुरू होतो? मी तो आपल्या विहिरीसाठी लिहिला होता, आणि आपला आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत. पण हे मी कोणालाच सांगितलं नाही. पोर्तुगालच्या त्या खेड्यातल्या एका माणसानं अगदी अदबीनं लिहिलं, की ही चूक दिसते, जगात आठवडा सोमवारी सुरू होतो. मंगल, मला लाज वाटली. आमच्याकडे बुधवारी बाजार असतो, एवढं एक वाक्य लिहायची लाज वाटली. मी त्याला उत्तर दिलं, बरोबर आहे, दुरुस्त करते.

आमच्या कामात प्रत्येक बदलाला आकडा देतात, आणि आकड्याचे तीन भाग असतात. जुनं काही मोडणार असेल तर पहिला भाग वाढवायचा, म्हणजे वापरणारा सावध होतो, थांबून बघतो, मगच घेतो. नुसती डागडुजी असेल तर शेवटचा भाग वाढवायचा. तो वाढला की पेट्या आपोआप नवं उचलतात, कोणी बघतही नाही, कारण लिहिणाऱ्यानं शब्द दिलेला असतो की यानं तुमचं काही बिघडणार नाही. मला तो बदल लहान वाटला. बुधवारच्या जागी सोमवार, एका ओळीचा. मी शेवटचा भाग वाढवला. आपल्या विहिरीचं मनात आलंच नाही असं नाही. आलं होतं. वाटलं, नौशीननं पेटीत बाजाराचा वार वेगळा भरला असेल. एक फोन करून विचारायला हवं होतं. केला नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी मी लिहिते, कारण मला ते तुझ्या बाजूनं एकदा पूर्ण लिहायचं आहे. त्या बुधवारी बारी तुझ्याकडे यायची होती. टाकीतलं पाणी तू नेहमीप्रमाणे बुधवारपर्यंतच पुरवलं होतंस. शेडनेटखाली मिरचीची आणि वांग्याची रोपं ट्रेमध्ये बोटभर झालेली, जूनमध्ये लोक न्यायला येणार. सकाळी तू पेटीला फोन लावलास आणि माझा आवाज म्हणाला, आज तुमची बारी नाही. दुपारी लावलास, तेच. पेटीच्या हिशोबात आमचा आठवडा रविवारपर्यंत लांबला होता. पेटी उघडून हातानं मोटार लावता आली असती, पण तिच्या कुलपाची किल्ली आमच्या घरात, आणि घर बंद. बाळासो आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला. तिथूनच फोनवर मोटार चालू करत होता, चालू होत होती, म्हणून वार मोजायचं त्याला सुचलंच नाही. तू त्याला फोन केलास तेव्हा आईला आत नेत होते. तो घाईत म्हणाला, "पेटी म्हणतीया माझी, तर माझीच असंल," आणि फोन ठेवला. हे वाक्य तू पुढं सगळ्या वाडीला ऐकवलंस. ऐकवण्यासारखंच होतं.

तू मलाही तीनदा फोन केलास. मी मीटिंगमध्ये होते. नंतर करते, असा निरोप टाकला आणि दोन दिवस विसरले.

तुझी लेक सृष्टी स्कूटीवर कॅन बांधून पाणी आणत होती, हे मला आईनं नंतर सांगितलं. त्या उन्हात त्यानं काय होणार. पेटीचं कुलूप एका दगडात फुटलं असतं आणि कोणी तुला बोललं नसतं. पण ते आप्पांच्या घरचं कुलूप होतं, आणि तू ते फोडलं नाहीस. पाच दिवस तू माझ्या आवाजाला फोन लावत राहिलीस आणि मी पाच दिवस तुला गोड नाही म्हणत राहिले. सोमवारी पेटीनं तुला हो म्हटलं तेव्हा ट्रेमध्ये नुसती वाळून दोरा झालेली रोपं उरली होती.

मग बाळासो आईला घेऊन परत आला, आणि विहिरीवर, चार माणसांत, तू म्हणालीस, "बाळासो, आप्पा बांधावर हुबं ऱ्हायचं तवा ह्या हिरीला कुलूप नव्हतं आन् चोरबी नव्हता." तो मान खाली घालून घरी गेला. गावानं त्याचा अर्थ लावायचा तो लावला. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नाहीत. आई डोळ्यांवर नवा चष्मा लावून ओट्यावर बसते आणि तुमच्या दाराकडे बघते. म्हणते, आता लांबचं दिसाय लागलं तर बगन्यासारखं काय न्हाई.

त्या जूनमध्ये नौशीनला कारण सापडलं. तिच्या दहा-अकरा पेट्या बाजाराच्या वारावर चालत होत्या. बाकीच्या ठिकाणी लोकांनी एकमेकांना विचारून हातानं जमवून घेतलं होतं, एकदोघांनी बशीरभाईंना शिव्या घातल्या, संपलं. तिनं मला माझी ओळ दाखवली. रागावली नाही, उलट म्हणाली, मॅडम, चूक आमचीही आहे, न बघता घेतलं. बशीरभाई तर म्हसवडला जाऊन तुम्हां दोन्ही घरांची माफी मागतो म्हणून गाडी काढायला निघाले होते. मीच थांबवलं. म्हटलं, ते माझं घर आहे, मी सांगते.

आणि सांगितलं नाही. आधी वाटलं, पावसाळा होऊ दे. मग दिवाळीत समोर बसून सांगू. दिवाळीला तू दारातली रांगोळी अर्धी टाकून आत गेलीस, मी रस्त्यावरूनच वळले. खरं कारण त्याहून साधं आहे. वाडीत मी आप्पांची शिकलेली लेक. जिच्या यंत्राचं नाव आप्पांनी जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. तिनं आप्पांचाच बुधवार पुसून टाकला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

प्रोग्रॅम मात्र मी सुधारला. तिथे माणसांचं तोंड बघावं लागत नाही, म्हणून सोपं गेलं असेल. बुधवार जागच्या जागी परत ठेवला. ज्याला सोमवार हवा त्यानं तो मागून घ्यायचा. यापुढे जुनं काही काढायचं असेल तर वर्षभर आधी सूचना, तेवढे दिवस जुनं आणि नवं दोन्ही चालू, आणि वापरणाऱ्यांनी 'कळलं' म्हटल्यावरच काढायचं. आणि कोणी बदल पाठवला की तो आत घेण्याआधी त्याच्यावर काही परीक्षा आपोआप चालतात, त्यांत एक नवी घातली. एक विहीर, दोन घरं, बाजार बुधवारचा, टाकीत पाणी मंगळवार रात्रीपर्यंत. बुधवारी सकाळी दुसऱ्या घराला पाणी मिळालं नाही, तर बदल परत. तिचं नाव 'मंगलची बारी' आहे. मार्चमध्ये पोर्तुगालच्या त्याच माणसाचा एक बदल तिथं अडकला. त्यानं विचारलं, ही मंगल कोण? मी लिहिलं, माझी मैत्रीण, आणि आमचा बाजार बुधवारी असतो. जवळजवळ वर्षभर उशिरा लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की त्यांच्या भट्टीवरही गुरुवारी कोणी पाव भाजत नाही, गुरुवार एका म्हातारीचा असतो, आणि हे तोही मला सांगायला लाजला होता.

एवढं सगळं करूनही मी तुला पत्र लिहिलं नसतं, मंगल. खोटं कशाला सांगू. बोअरचं कळलं म्हणून मी गेल्या रविवारी गावी गेले. बाळासोला बाजूला घेऊन सांगितलं, की तू चोर नाहीस, पेटीही चोर नाही, चूक माझी होती. मला वाटलं चिडेल, ओरडेल. तो डाळिंबाची फांदी छाटत होता, छाटतच राहिला. म्हणाला, "ठावं हाय मला, आक्का. नौशीन पेटी नीट कराय आली तवाच सांगून गेली."

तेरा महिने. त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, मग चार माणसांत का सांगितलं नाहीस? त्यानं कात्री खाली ठेवली. "मला चोर म्हणत्यात, म्हणूंद्यात. मी हाय हितंच, रोज दिसतोय, कवातरी इसरतील. तुला नावं ठेवली असती तर तू गावाकडं यायचीच बंद झाली असतीस."

मग मी बोअरचं विचारलं. तो म्हणाला, "मंगलवयनीनं हिरीवर हाळी धरली, तर मशीन माघारी धाडतो. आपणहून मागाय मी जायचा न्हाई."

म्हणून हे पत्र. तुझी रोपं मी जाळली, बाळासोनं नाही. हे आधी तुला एकटीला सांगायचं होतं, आणि विचार करायला तुला तीन दिवस द्यायचे होते, कारण मागच्या वेळी मी कोणालाच एक दिवसही दिला नव्हता. या बुधवारी बारी आमच्याकडून तुमच्याकडे येते. बाजाराला जायच्या वेळी मी बांधावर असेन, आईला धरून, बाळासोला घेऊन, आणि पेटीची किल्ली हातात. जे असतील त्या सगळ्यांसमोर हे सगळं पुन्हा एकदा, तोंडानं सांगेन. मग आप्पांच्या जागेवरून हाळी देईन. माझा आवाज त्यांच्यासारखा लागत नाही, तुमच्या शिवारापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. तू लगेच धरावंस असा माझा हक्क नाही. पण तुझ्या बाजूनं आवाज येईपर्यंत मी तिथून हलणार नाही, एसटी गेली तरी.

तुझीच,
रेश्मा